तोळाबाईचा काटा

नाही, थांबा, मंगळवार म्हणालो का मी? मंगळवार नसेल. इतकी वर्षं झाली, माझ्या आठवणीवर माझाच भरवसा नाही, तर तुम्ही कशाला ठेवताय — पण आकडा आठवतो. तो नाही विसरायचा. गौरवग्रंथ तुमच्या समितीचा, गौरव माझा, आणि आत ही खोटी आकृती — तिच्याखाली मी सही करू? ठेवा ते पेन. चहा घ्या, निवतोय.

बघा हा तुमच्या प्रुफातला त्रिकोण. खाली रुंद पट्टी, शेवाळाची. तिच्यावर अरुंद, शेवाळ खाणाऱ्या पाणपिसवांची. टोकाला मासे. देखणा आहे, नाही? पोरं परीक्षेत काढतात. आमच्या तळ्यातल्या जिवांच्या वजनाचा हा त्रिकोण, माझ्या नावावर खपतोय चाळीस वर्षं — आणि आमच्या तळ्यात तो उलटा होता! शेवाळ एक भाग, पिसवा चार भाग. एकाच्या जिवावर चार कसे जगतील, असंच ना? जगतात. खानावळीत ताटं दहाच असली तरी शंभर माणसं जेवून जातात की नाही? ताट धुतलं की पुन्हा वाढलं. शेवाळाचं तसंच — आज खाल्लं, उद्या तेवढंच पुन्हा उगवलं. वजन त्या घटकेचं असतं हो, ऊर्जा दिवसभराची. ऊर्जा मोजा, मनोरा सरळच उभा राहील — ऊन शेवाळात, शेवाळ पिसवांत, पिसवा माशांत, आणि दर पायरीला बरीचशी ऊब होऊन निघून जाते ती परत येत नाही. तो मनोरा कधी उलटा व्हायचा नाही. वजनाचा होतो. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं — म्हणजे, होतं बहुधा. होतंच. वाचलं होतं मी.

वजन करायची तोळाबाई. प्रयोगशाळेतली मदतनीस, सोनाराला लाजवेल असा हात, म्हणून हे नाव. आधी रिकामी वाटी काट्यावर, मग भरलेली, मग पुन्हा रिकामी. मी चिडायचो — ‘अहो, किती वेळा?’ तर म्हणायची, ‘साहेब, काट्यालाही डुलकी लागते.’ तर त्या दिवशी मोठ्या सरांनी, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांनी, वही उघडली. म्हणाले, ‘घर छपरावर उभं केलंत की काय? चूक कोणाची?’ मग ते म्हणाले, की वजन करणारीची — आणि मी नुसती मान हलवली. नाही. ते काही म्हणाले नाहीत. मी म्हणालो. ती तिथेच उभी होती, हातात वाटी. सरांनी पेन्सिलीनं चारच्या आधी एक शून्य दिलं, एक दशांशाचं टिंब दिलं, झाला त्रिकोण सरळ. महिनाअखेरीस तिला काढलं. दारातून मला म्हणाली, ‘साहेब, शेवटची रिकामी वाटी तुम्हीच बघितली होती ना?’ मी वहीत बघत राहिलो. बघितली होती. शून्यावर होता काटा.

कसली समजूत घालताय? पुढच्या आवृत्तीत, म्हणे! मी सत्तरी कधीच ओलांडली, पुढची आवृत्ती कोणाच्या तेराव्याला काढणार? भित्रा माणूस आहे मी, जन्मभर टरकलो. आता नाही टरकत. आकृती उलटी छापा, खाली लिहा — वजनं तोळाबाईंची. तिचं पूर्ण नाव प्रुफाच्या मागे लिहून दिलंय, अक्षर लागत नसेल तर आत्ता विचारा. जमत नसेल तर माझं नाव काढा, ग्रंथ काढा, हारतुरे परत न्या. सही नाही म्हणजे नाही. उठा. दार ओढून घ्या.

आणि अहो — समितीनं विचारलं, म्हाताऱ्याला भ्रम तर झाला नाही ना, तर सांगा. निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी त्याच तळ्यावर गेलो होतो मी, एकटाच. सहा वेळा पाणी गाळलं, वाळवलं, तीन वेगळ्या काट्यांवर तोललं. आधी रिकामी वाटी, मग भरलेली, मग पुन्हा रिकामी.

एकास चार.