बरणीतला एकटा मासा

लोणावळ्याला आमच्या शेजारी दत्तूभाऊ राहायचे, त्यांचं सांगतो. रेल्वेत गार्ड होते. मुंबईहून डब्यातून समुद्राचं पाणी आणायचे आणि त्याचा खारेपणा जपत घरी समुद्रातले मासे पाळायचे. एकदा नव्या माशानं रोग आणला आणि टाकीतले सगळे मेले. तेव्हापासून नवा मासा आधी वेगळ्या बरणीत ठेवायचे.

वहिनी क्षयाच्या दवाखान्यातून बऱ्या होऊन घरी आल्या, तेव्हा बरणीत एक मासा होता.

"हा एकटाच का?"

"रोग नाही ना, याची खात्री होईपर्यंत."

वहिनींनी पाट आणला आणि बरणीसमोर बसल्या.

"अगं, दमशील."

"दमू दे. तिकडं तुम्ही खिडकीच्या काचेपलीकडं येऊन उभे राहायचात ना, तेवढाच दिवस सरायचा."

भाऊंनी दुसरा पाट आणून शेजारी मांडला.