हिरव्या पेनाची चिठ्ठी

हॅलो?

हो ताई, मीच... ऑफिसात. एकटाच. टीम नाही आली... नाही हो, उशीर नाही झालेला. आलेच नाहीत.

पाहिला ना संस्थेचा अहवाल. छान छापलाय. पान नऊ तर फारच छान.

अहो, ओरडत नाहीये मी... बरं, ओरडतोय.

एक सांगा ताई. तो बिस्किटांचा डबा कशाला ठेवला होता आपण? शेवटच्या दिवसांतल्या पेशंटच्या घरून आलं, की मनात साचलेलं चिठ्ठीवर लिहायचं, डब्यात टाकायचं. कोणी वाचायचं नाही. शनिवारी डबा मी तुमच्याकडे आणायचो. का? तर कागद फाडायचं मशीन तुमच्या केबिनमध्ये... काय? फाडवेना तुम्हाला? म्हणजे वाचत होतात? दर शनिवारी?

नावं नाहीत म्हणे! अहो, चिठ्ठीचा फोटोच छापलाय. आपल्यात हिरव्या पेनानं कोण लिहितं?... हां. ड्रायव्हरकाका. शेंबड्या पोरालाही कळेल.

वाचून दाखवू? 'पोरगं गेलं त्या दिवशी घरी जाऊन पोटभर जेवलो. दोनदा वाढून घेतलं. लाज वाटली.'

...मनाला भिडतं? ताई, त्या पोराची आई काल अहवालाच्या प्रकाशनाला पहिल्या रांगेत होती! बोलावलंत तुम्ही. अहवाल हातात दिलात तुम्ही. काका त्या पोराला दर आठवड्याला तीन जिने उचलून खाली आणायचे, तिच्या वहीत हिरव्या पेनानं पुढची तारीख लिहून द्यायचे. तिनं पान नऊ वाचलं आणि मागं वळून काकांकडं बघितलं... नुसतं बघितलं.

काकांनी गाडीची किल्ली माझ्यासमोर ठेवली नि गेले चालत. सिस्टर म्हणाल्या, "डबा तूच न्यायचास ना रे?"... हो, मलाच. त्यांना वाटतंय मी सामील होतो.

काय? मी समजावू? 'तुला जमतं माणसं सांभाळायला'... वा! केसानं गळा तुम्ही कापायचा, नि पट्टी मी बांधायची?

नाही... अहो, ऐका ना. पहिला पेशंट गेला तेव्हा तुमच्यासमोर रडलो होतो मी. तुम्हीच म्हणालात, लिही आणि फाडून टाक. त्या एका वाक्यावर अख्खी टीम उभी केली हो मी...

थांबा. दार वाजलं.

या काका... किल्ली? ही काय, इथंच आहे... हो, अकरा वाजता त्या आजींकडे जायचंय... सिस्टर खाली थांबल्यात? काका, शप्पथ, मला माहीत नव्हतं... काल माझं तोंड बघितलंत? पान उघडलं तेव्हा?... बरं. नाही बोलत.

...आहे ताई, फोनवरच आहे. काकांनी चिठ्ठी दिलीये. हो, हिरवीच. डब्यात नको म्हणतायत, तू वाच.

...वाचली.

काय लिहिलंय? थांबा हं, फोन जवळ धरतो.

...आलं ऐकू? नाही, लाईन खराब नाहीये. चिठ्ठी फाडली. असा आवाज येतो, ताई.

ठेवतो.