रूपरावले ट्रेनर कोनं केलं

नाई नाई, सेक्रेटरीसाहेब, तुमी उलटं ऐकलं — मोठा खेळाडू वाईट ट्रेनर होते, असं मी कुठं म्हनलो? मी एवढंच म्हनलो का तुमा आर्वीवाल्यायनं नागपूरचा एवढा नामी खेळाडू ट्रेनर म्हनून आनाच्या आधी जरा इच्यार करावा. बसा ना, त्या पेटीवर बसा, पुसलेली हाये. तुमच्या मोटरले अजून अर्धा घंटा हाये, अन् जामच्या फाट्यावर मोटर कधी वेळेवर आली? मी हा सायकलचा ट्यूब घासता घासता बोलतो, तुमी च्या घ्या. कोनाची निंदा कराची मले सवय नाई. तुमी इच्यारलं म्हनून सांगतो, नाई तं मले काय घेनं? आमच्या रूपरावचंच घ्या.

हिंगनघाटच्या आमच्या कापसाच्या जीनच्या टीमचा सेंटर फॉरवर्ड — बारा वर्षं. पावसाळ्यात जीन बंद राहे, कापूस नाई, मंग मानसं काय करन? फुटबॉल. चिखलात, अनवानी. तुमी त्याले खेळताना पाह्यलं नसन, साहेब. मी पाह्यलं. बॉल त्याच्याकडं असा ये जसं वासरू गाईकडं येते. तीन गडी अंगावर आले तरी हा मान वर करून पाहे, जसा बाजारात भाजी पाहून राह्यला, अन् मंग बॉल जिथून जाईन असं कोनाच्या मनातही नाई तिथून गोलात. मानसं येडे होत. मी? मी त्याच टीमात होतो ना. रिझर्व्ह. कोनाले ताप आला, कोनाच्या घरी मयत झाली तं मी उतरो. नऊ वर्षात मोजून सात मॅची. बाकी लाईनीच्या बाजूनं साऱ्यायचे कपडे धरून बसो. वाईट? छ्या, वाईट काऊन वाटन? उलट बसून बसूनच खेळ समजते. कोनता गडी वीस मिनिटानं थकते, कोन शिवी खाल्ली का बिघडते, कोन शिवी खाल्ल्याबिगर पळतच नाई — हे सारं मले पाठ. रूपरावले ह्यातलं काई माहीत नोतं. त्याले गरजच काय होती?

तं मंग चौपन्न साल आलं. तवा आपन मध्यप्रदेशात होतो, आता मुंबईवाले झालो म्हनते — कोनाले फरक पडला? रूपरावचा उजवा गुडघा सुजू लागला. मॅच झाली का असा फुगे, भरताच्या वांग्यासारखा. तेल मीच लावो. डॉक्टरनं सांगतलं, आता खेळनं बंद, नाई तं पाय जाईन. मंग जीनचे मॅनेजर सदाशिवराव, त्यायनं मले हापिसात बोलावलं. म्हने, टिकाराम, टीमले ट्रेनर पाह्यजे, तू करतं का? हाव, मलेच इच्यारलं, पह्यले मलेच. मी काय म्हनलो? मी म्हनलो, साहेब, रूपराव असताना मी? लोकं काय म्हनन? एवढा मोठा मानूस, त्याले द्या, मी त्याच्या हाताखाली राहीन. सदाशिवराव खुश झाले. म्हने, टिकाराम, तुह्यासारखं मन साऱ्यायचं पाह्यजे. आता मले माहीत होतं का रूपरावच्यानं हे जमनार नाई? नाई जी, माहीत कसं असन? अंदाज होता. अंदाज अन् माहीत असनं ह्यात फरक हाये का नाई? तुमीच सांगा.

मंग लागला शिकवाले. आमच्याकडं जंगलू नावाचा पोरगा होता, तळेगावकडच्या गोंडाचा, घरी त्यायची बोली बोले, आमच्याशी कमीच बोले, पन पाय असे का हरनाचे. त्यानं इच्यारलं, "दादा, बॉल असा वळते कसा?" रूपराव म्हने, "वळते कसा म्हंजे? मार ना, वळते." अन् मारून दाखवला. वळला. जंगलूनं मारला, सरळ बोरीच्या काट्यात. "अबे असा नाई, असा!" पुन्हा मारला, पुन्हा वळला. तीस-चाळीस डाव तरी मारला असन त्यानं त्या दिवशी, अन् एकही डाव त्याले सांगता नाई आलं का तो करते काय. खोटं बोलत नोता बिचारा. श्वास कसा घेता असं तुमाले इच्यारलं तं तुमी काय सांगान? मंग चिडे. "दिसत नाई का तुले? डोळे हायेत का कवड्या?" पोरं खाली मान घालत. जंगलू तं चार दिवस आलाच नाई. पाचव्या दिवशी माह्याकडं आला. मी त्याले जीनच्या शेडमांगं नेलं अन् सांगतलं — डावा पाय बॉलच्या बाजूले चार बोटं दूर, नजर खाली, अन् बॉलले मधात नोको मारू, बाहेरच्या अंगानं मार. आठ दिवसात वळू लागला. मी त्याले म्हनलो, रूपरावले सांगू नोको. काऊन म्हंजे? त्याले वाईट वाटलं असतं ना! सदाशिवरावले? त्यायले कायले सांगतो? मोठ्या लोकायच्या मांगं बारीकसारीक गोष्टी लावू नये.

तरी टीम फायनलले गेली. कशी गेली ते राहू द्या. पुलगाववाल्यायशी मॅच. त्या दिवशी सकाळी मी रूपरावच्या घरी गेलतो, त्याले बोलवाले. तो आंघोळीले गेलता. त्याची बायको वच्छलाबाई दारात आली, हलकेच म्हने, "भाऊजी, आज ह्यायचा जीव थाऱ्यावर नाई. रातभर गुडघ्याले पट्टी बांधून पाहत होते. काई झालं तरी त्यायले उतरू नोका देऊ. तुमचं ऐकते ते." मी म्हनलो, वहिनी, फिकर नोका करू. अन् मैदानावर गेलो तं आमचा कवडू, लेफ्ट आऊट, हिवतापानं घरीच पडलेला. एक गडी कमी. जंगलू तयार होता, बनियन घालून उभा होता. अन् रूपराव माह्याजवळ आला. साहेब, नऊ वर्षात त्यानं मले कधी काई मांगतलं नोतं, पानीसुद्धा मांगे तं हुकूम केल्यावानी. त्या दिवशी पोरासारखा उभा राह्यला अन् म्हने, "टिकाराम, मी उतरू का रे?"

रेफ्रीले द्याची यादी माह्याकडं राहे. अक्षर बरं हाये माहं. दहा नावं लिहून झालती.

आता तुमी मले सांगा, एवढा मोठा मानूस मांगून राह्यला, त्याले नाई कसं म्हनाव? मान हाये का नाई? वच्छलाबाईचं सांगाचं — ते गडबडीत राह्यलं. मॅचीच्या दिवशी किती गडबड राह्यते, तुमाले मालूम हाये. मी नाव लिहिलं. र-ले दीर्घ उकार, बरोबर लिहिलं. जंगलूनं बनियन काढून माह्या हातात देली, अन् माह्याकडं पाह्यलं.

अन् साहेब, काय खेळला! दहा मिनिटं. फकस्त दहा मिनिटं, पन मी नऊ वर्षात तसा पाह्यला नोता. दोन गडी काढले, तिसऱ्याले नुसत्या कमरेनं येडं केलं, अन् गोल. टोप्या उडाल्या. पुलगाववालेही टाळ्या वाजवून राह्यले. मीही उभा झालो — मीही वरडलो, मले आठवते, माहा गळा बसला होता. अन् तवा मले वाटलं का... का आता बस. आता त्यानं बाहेर यावं. पन बाहेर आला असता तं त्याच्या जागी दुसरा थोडीच उतरता येते? तसा कायदाच नोता. पुढच्या डावाले बॉल घेऊन वळला अन् आवाज आला. ज्वारीचं धांडं मोडते ना, तसा. लाईनीपर्यंत आला तो आवाज. बाजेवर टाकून नेलं त्याले. दहा गड्यायनं खेळलो, तीन-एक हारलो.

मंग काय, सदाशिवराव मले म्हने, टिकाराम, पह्यले तुलेच म्हनलं तेच बरोबर होतं, तू मानूस मोठ्या मनाचा, पन आता टीम तू घे. घेतली. लागोपाठ दोन साल शिल्ड आनली. जंगलू आता सेंटर फॉरवर्ड हाये, पाह्यला असन तुमी. आजही शनवार-रविवार सायकल मारत हिंगनघाटले जातो. म्हनून सांगतो, मोठ्या खेळाडूच्या मांगं नोका लागू. ज्याले स्वतःले जमलं नाई ना, त्यालेच दुसऱ्याले शिकवता येते.

रूपराव? हाये ना. जीनच्या फाटकावर बसवलं त्याले, गाड्या आत सोडते. काठी घेऊन चालते. वच्छलाबाई मले पाहून पदर तोंडावर घेते, बोलत नाई. तो बोलते. तोच तं बोलते, साहेब. हरेक मॅचले येते, अन् साऱ्यायले सांगते, "शेवटची मॅच मले टिकारामच्यानं भेटली. त्यानं नाव लिहिलं, नाई तं मी लाईनीवर बसूनच म्हातारा झालो असतो." चारचौघात सांगते. मी म्हनतो, जाऊ दे ना गड्या, सोड. सोडत नाई.

पन हे राहू द्या. तुमी जामले माह्याकडं कसे आले? माहं नाव कोनं सांगतलं तुमाले?

...

फाटकावर? तुमी जीनमधे गेलते, अन् त्यानंच —? काय म्हनला? नागपूरचा आनू नोका, टिकारामलेच न्या? असं म्हनला? बरं. बरं म्हनला. अन् अजून काय म्हनला? नाई, सांगा ना, मले राग नाई येत.

"कोनता गडी कुठं पडन, हे टिकारामले खेळाच्या आधीच समजते."

असं म्हनला? ह्याच शब्दात? हासून म्हनला का... नाई, कसा म्हनला? तोंड कसं होतं त्याचं? तुमी पाह्यलं नाई? पाहाव लागते, साहेब, मानसाचं तोंड पाहाव लागते.

नाई, मी नाई येनार आर्वीले. नागपूरचाच आना तुमी. चांगला मानूस असन तो. काऊन म्हंजे? माहं काम पडलं हाये, दिसत नाई का? उठा, ते पाहा धूळ उडून राह्यली, तुमची मोटर आली. नसन आली तरी उठा. तिकडं झाडाखाली उभे राहा.