बघून घे

(दुपार. स्वयंपाकघर. बायको सिंकपाशी. नवरा दारातून आत येतो.)

नवरा : थांब, थांब. ही तर मी सकाळी घासून पालथी घातलेली भांडी!

बायको : अगं बाई! केवढं दचकवलंस! आज एवढ्या लवकर कसा?

नवरा : बस बिघडली, डेपोतून घरी पाठवलं. विषय बदलू नकोस. परत का घासतेयस?

बायको : नुसती विसळतेय रे.

नवरा : हो का? मग एवढा फेस काय आपोआप आला? किती दिवस चाललंय हे?

बायको : माझी आई गेल्यापासून.

नवरा : आठ महिने! आणि मी डेपोत ऐटीत सांगतोय, आमच्याकडे सगळं निम्मं-निम्मं म्हणून. तू तर शाळेत मुलींना बजावतेस, घरकाम दोघांचं असतं. सगळी सोंगं?

बायको : सोंग नाही रे. तुला ओट्याशी बघितलं की जीव सुखावतो माझा. पण तू बाहेर पडलास की राहवत नाही.

नवरा : मग उद्यापासून मी हात लावत नाही. कर तूच, एकदाच काय ते.

बायको : नको! तेवढं करू नकोस, पाया पडते. तू करतोस म्हणून तर हे घर माझं वाटतं मला.

नवरा : मग झालंय तरी काय?

बायको : दवाखान्यात, शेवटच्या दिवशी, आईचे हात चादरीवर फिरत होते. गोल गोल. मला आधी कळेचना. भांडी घासत होती रे ती. एक झालं की बाजूला ठेवायची, दुसरं घ्यायची.

नवरा : हे कधी बोलली नाहीस.

बायको : मी हात धरले. म्हटलं, आई, झाली सगळी भांडी. तर विचारते, कुणी घासली? मी म्हटलं, बाबांनी. धादांत खोटं. बाबांनी जन्मात कप विसळला नव्हता.

नवरा : मग?

बायको : हसली. म्हणाली, "एकदा बघून घे गं, नीट निघालीत का." त्यानंतर बोललीच नाही.

नवरा : माझी कधी नीट निघाली नाहीत?

बायको : नाही रे, लख्ख असतात. एकदाही खोट सापडली नाही.

नवरा : मग एक दिवस राहू दे ना तशीच.

बायको : ठेवली होती. मंगळवारी. शाळेतून आले, जरा आडवी झाले. जाग आली तेव्हा माझे हात चादरीवर फिरत होते.