आज नाय म्हणणाऱ्याची होडी

...आता तुम्हीच सांगा, पाच दिवसांची रजा, त्यातले चार दिवस भाट्याच्या किनाऱ्यावर वाळूत बसून एका म्हाताऱ्याचं 'आज नाय' ऐकायचं, ह्याला काय सहल म्हणतात? पण बोलायची सोय नाही, कारण माणूस पारखावा तर आमच्या प्रभावतीनं!

तुम्हाला सांगतो, आमची ही देवरूखची. पोहायला शिकली विहिरीत आणि मासा पाहिला तो ताटात. माझ्या मुंबईच्या भावानं गोदीतून पाण्याखाली बघायची काच आणि तोंडात धरायची नळी आणलीन, आणि हिनं धोशा लावला, 'एकदा त्यांच्या घरी जाऊन बघायचंय हो!' त्यांच्या म्हणजे कोणाच्या? माशांच्या!

बरं, होड्या काय कमी? एक इंजिनाची लाँच, वर पताका, टेपवर गाणी. मालक म्हणतो, 'या साहेब, आत्ता निघू!' दुसरी शिडाची, नवीकोरी. तो म्हणतो, 'वहिनी, मासे? हात घाला नि धरा!' मी एक पाय आत टाकलासुद्धा... तर ही पोचली तिसऱ्याकडे. महिपत तांडेल, जाळं विणत बसलेला. त्यानं विचारलं, 'काय बगायचाय?' हिनं सांगितलं. पाण्याकडे बघून म्हणतो, 'मग आज नाय.' झालं! ही म्हणते, 'ह्यांच्याच होडीतून जायचं.'

दुसऱ्या दिवशी, आज नाय. तिसऱ्या दिवशी, आज नाय! लाँचवाले गाणी म्हणत जातायत, येतायत, आणि मी आपला शेंगा सोलतोय... पण माणूस पारखावा तर प्रभावतीनं!

पाचव्या दिवशी तो म्हणाला, 'चल बाय.' शीड चढलं, खडकांच्या आडोशाला नेलंन. मी फणकाऱ्यानं विचारलं, चार दिवस काय बिघडलं होतं? म्हणाला, 'पुनवेचा उधाण. पानी गढूळ. मानसा हिंडून आली, पन मासा कुनी बगितलान?'

अहो, तिला काय हवंय हे एवढ्या किनाऱ्यावर त्या एकट्यानं ऐकलं होतं! काच-नळी लावून, दोर धरून ती पाण्यात उतरली, वर आली ती रडत आणि हसत. 'अहो, पिवळे, पट्ट्यापट्ट्यांचे... माझ्या हाताशी आले, घाबरले नाहीत!' मला भरून आलं, खरंच सांगतो.

येताना माझी छाती ही एवढी फुगलेली. म्हटलं, 'माणूस पारखावा तर तू! मी तुला बघायला आलो, तेव्हा मलाही असंच पारखलं असशील, नाही?'

ओले केस पिळत म्हणाली, 'तुम्हाला बाबांनी पसंत केलं. तुम्ही तर पोहे संपायच्या आत हो म्हणालात.'

आता खोटं कशाला बोलू... अर्धे पोहे बशीतच होते.