बोंबलनं काहून सोडलं
(मालेगावच्या एका वेल्डरनं सांगितलं, तसंच लिहून घेतलं)

मी मालेगावचा, आपलं वाशीम रोडवरचं, नाशकाकडचं नाई, हे पयलेच सांगतो, बाहेरचे लोक तठीच गल्लत करतात. माहा बाप इहिरी खोदाच्या कामावर जाये अन् जयंतीले गायन पार्टीत ढोलकी वाजवे. मी सातवीत होतो तवा इहिरीत माती ढासळली अन् बाप गेला. माय सांगते, तो म्हनत होता का आज माती सुटून राह्यली, मी उतरत नाई, पन मालकानं उतरवलं. अन् मंग त्याच मालकानं गावभर सांगतलं का तो पेऊन उतरला होता. काय सांगू तुमाले, माह्या बापानं कधी सुपारीबी तोंडात टाकली नाई. पन मोठ्या मानसाचं बोलनं, लोकाईनं धरून ठेवलं, अन् माही माय तवापासून चार लोकात मान वर करून बसली नाई.

मी वेल्डिंग शिकलो, गेट-ग्रिलाचं दुकान. बाजूले नदीमचं लोखंडी कपाटाचं दुकान, तठी दिवसभर पत्रा ठोकनं चाले, तं मागच्या खोलीत आमी केवढाबी कल्ला केला तरी कोनी बोलत नसे. तठीच आमचा बँड निघाला. नदीम गिटारवर, त्याचा मामेभाऊ ड्रमवर, अन् मी नरड्यावर. मेटलकोर म्हनतात त्याले, गळा खरवडून बोंबलाचं, नुसतं बोंबलाचं. पुन्याले गेलो, नागपूरले गेलो, पोट्टे मुंडकं हलवू हलवू नाचले, आमच्या नावाचे काळे टी-शर्ट निघाले. सगळ्यात चाललेलं गानं बापावरचं, अन् त्यात एकच ओळ फिरून फिरून ये, माहा बाप पेला नोता, त्याले उतरवलं. पाच वर्सं बोंबललो मी हे.

मंग वस्तीतले लोक म्हनले, आपल्या जयंतीले वाजवा, दोन गायन पार्ट्याईच्या मधात. मले वाटलं, झालं, आता वस्तीले समजते. आमच्याकडे नेम हाय, गाताना एखांदी ओळ मनाले लागली का आयकनारा उभा राह्यते, हात वर करते, अन् गानाऱ्यानं त्याचं नाव घेऊन ती ओळ पुन्हा म्हनाची. मी जीव तोडून बोंबललो, बाप्पा, रक्त याचंच बाकी होतं. एकबी हात वर नाई. आपला पोरगा म्हनून गुमान बसले. घरी आलो तं माय पानी देता देता म्हने, बाबू, कोनावर चिडला होता रे एवढा? तिलेबी ओळ समजली नोती. मी पानी तसंच ठेवलं.

नदीमले म्हनलं, आता मी सुरात गातो, गिटार जरा मोकळी कर, शब्द आयकू येऊ दे. तो म्हने, अबे, लोग बोलेंगे बिक गए. म्हनलं, बोलू दे. लय भांडलो आमी, पन शेवटी त्यानंच चाल सोपी केली, सरळ रॉक, कोनीबी गुनगुनावं अशी. मंग मोबाइलवर शिव्याच शिव्या, विकले गेले, बाजारू झाले, आता लग्नात वाजवा. ज्या पोट्ट्याईनं टी-शर्ट घेतले त्याईनंच जाळून व्हिडिओ टाकले. जाळा ना! पाच वर्सं मुंडकं हलवलं, एकानं तरी इचारलं का तुह्या बापाचं काय झालं?

यंदा जयंतीले पुन्हा गायलो. ओळ आली, अन् माही माय उभी राह्यली. बायाईच्या मधात, हात वर करून. नेमानं नाव घ्या लागे, जलमात कधी मायचं नाव घेतलं नोतं मी, घेतलं, कौसल्याबाई, अन् ओळ म्हनली. मंग मांगून अजून हात, अजून हात. कितीदा म्हनली, मलेच याद नाई.

परवा त्या इहीरवाल्याचा पोरगा दुकानावर आला, गाडीवरूनच म्हने, ती ओळ काढून टाक, आमची बदनामी होऊन राह्यली. बोंबलत होतो तवा हाच मानूस समोर उभा राहून टाळ्या वाजवून गेला होता. मी वेल्डिंगची काच खाली ठेवली, म्हनलं, भाऊ, समजली ना तुमाले? मंग आता ती निघत नाई. अन् तुमीबी लिहून राह्यले तं बराबर लिहा, खाडाखोड करू नका.