नुबियाबाईंचा निरोप, खाडी उघडण्याच्या आदल्या संध्याकाळी

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष, आमच्या शिंपले सहकारी संस्थेच्या प्रमुख आणि योगायोगाने माझ्या मातोश्री डोन्या एर्मेन्सिया, व्यासपीठावरील पाद्रीबाबा, ज्यांच्यासाठी आपण जमलो त्या आमच्या नुबियाबाई, आणि खुर्च्या न मिळाल्याने भिंतीला टेकून उभे असलेले समस्त गावकरी हो,

माझ्याआधी बोलले ते सगळेच लांबलचक बोलले. तिकडे धक्क्यावरून बाईंना न्यायला आलेला प्लुतार्को होडीवाला मघापासून हात हलवून खुणा करतोय. करू द्या. एवढ्या वर्षांची माया दोन वाक्यांत कशी गुंडाळायची?

बाई आल्या तेव्हा शाळेत कांदळवन हा विषय नव्हता. तो बाईंनी घुसडला. प्रत्येक मुलाकडून भोक पाडलेली लाकडी पट्टी करून घेतली. भोकातून आरपार जाईल तो शिंपला लहान, तो परत चिखलात. आम्हाला खेळच मिळाला! आयांबरोबर कांदळवनात गेलो आणि त्यांनी कोपरापर्यंत हात घालून काढलेले शिंपले त्यांच्याच टोपलीतून उचलून फेकायला लागलो. पुढे काय झालं असेल? आजच्या अध्यक्षांनी माझ्या पाठीत धपाटा घातला आणि चिखलाच्या पायांनीच तडक शाळा गाठली.

"बाई, पोरीला शिकायला पाठवलंय, आमच्या पोटावर पाय द्यायला नाही!"

आई, अशी बघू नकोस. सगळ्या गावाला माहीत आहे.

बाई म्हणाल्या, "मग मला तुमच्याबरोबर न्या." दुसऱ्या दिवशी खरंच आल्या आणि पहिल्याच पावलाला मांडीपर्यंत रुतल्या. डासांसाठी नारळाच्या सोडणांची धुरी सगळ्यांकडे होती, बाईंकडे नव्हती. बायका हसून हसून बेजार. शेवटी आईनेच त्यांना बखोटीला धरून वर ओढलं. बूट चिखलातच राहिला.

"कळलं का आता, एकेक शिंपला कसा निघतो ते?"

"कळलं," बाई धापा टाकत म्हणाल्या. "म्हणून तर विचारते एर्मेन्सिया, हे संपले तर तुझी पोरगी इथून काय काढणार?"

त्या वर्षी मधली खाडी शिंपले काढायला बंद राहिली, आणि उघडली तेव्हा शिंपले मुठीत मावेनात.

आता याला हरित अर्थव्यवस्था म्हणतात म्हणे. राजधानीतून साहेब येतात, फोटो काढतात, नारळाच्या दुधातला भात दोनदा वाढून घेतात. शहरातल्या हॉटेलांत गिऱ्हाईक विचारतं, हे शिंपले कुठल्या खाडीतले? याची सुरुवात त्या लाकडी पट्टीपासून झाली. न शिकवता नुसती बंदी घातली असती तर आम्ही चोरून काढले असते. मी आम्हाला ओळखते!

उद्या सकाळी खाडी पुन्हा उघडायची आहे. कधी, किती, कुणी, हे यंदा पहिल्यांदाच मुलांनी ठरवलंय. आणि बाई आज निघाल्या. एक दिवस थांबा म्हटलं तर म्हणतात, "मी असले की तुम्ही माझ्या तोंडाकडे बघता. आता चिखलाकडे बघा." बाई, डोक्याला पटलं. मनाला नाही पटलं. ती मुलं तुमची आहेत, आणि ती उद्या काय करतात ते तुम्ही बघितलंच पाहिजे.

म्हणून आता खरं सांगते. आम्ही सगळे ठरवून लांबण लावत होतो. ओहोटी केव्हाच लागली. प्लुतार्कोची होडी चिखलात बसलीय, ती उद्याच्या भरतीशिवाय हलत नाही.

आम्हाला वाटलं, बाईंना छान फसवलं. पण मघापासून मी तुमच्याकडे बघतेय. त्या रुतण्याच्या दिवसापासून पाण्याची वेळ विचारल्याशिवाय तुम्ही घराबाहेर पाऊल टाकलेलं नाही. आज तुम्हाला कळलं नसेल होय? कळलं होतं. तरी पिशवी मांडीवर घेऊन तुम्ही गप्प बसून राहिलात, बाई. उठला नाहीत.

उद्या काठावर बसा. आम्ही तुमच्या तोंडाकडे बघणार नाही, शब्द देते.

अध्यक्षांचे, पाद्रीबाबांचे आणि पाय दुखत असतानाही शेवटपर्यंत उभे राहिलेल्या आपणा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात काही उणंदुणं निघालं असेल तर पोटात घाला. लांबल्याबद्दल मात्र मी माफी मागणार नाही.